विश्लेषण : रेंज नसलेल्या डोंगरात ‘सॅटेलाइट मेसेंजर’ किती कामाचा? भारतात तो बाळगणं गुन्हा का ठरतं?

जून २०२४. उत्तराखंडमधल्या सहस्रताल ट्रेकवर गेलेला, बहुतांश कर्नाटकातील ट्रेकर्स असलेला २२ जणांचा गट बर्फाच्या वादळात सापडला. त्यातल्या नऊ जणांचा मृत्यू झाला. आपण अडकलो आहोत ही खबर खाली पोहोचवण्यासाठी मोबाइलला रेंज मिळेल अशा ठिकाणापर्यंत चालत यावं लागलं. त्यानंतर बचाव पथकं आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर निघाली.

डिसेंबर २०२४. गोव्याचा दाबोळी विमानतळ. कॅनडातील एका ट्रेल रनर महिलेच्या सामानात तळहातावर मावेल एवढं एक यंत्र सापडलं आणि तिला थेट पोलिसांच्या ताब्यात देण्यात आलं. पुढच्याच महिन्यात दिल्ली विमानतळावर स्कॉटलंडच्या एका गिर्यारोहक महिलेवर हीच वेळ आली. ती ऋषिकेशला निघाली होती.

दोघींकडे सापडलेलं यंत्र होतं ‘सॅटेलाइट मेसेंजर’. मोबाइलचा टॉवर नसलेल्या ठिकाणाहून मदतीची हाक पोहोचवण्यासाठीच ते बनवलेलं आहे. अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंडमध्ये ते सॅकमध्ये असणं शहाणपणाचं मानलं जातं. आपल्याकडे मात्र परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला ‘येताना एक घेऊन ये’ असं सांगण्याआधी किंवा परदेशातल्या ट्रेकसाठी ते घेण्याआधी ही सगळी भानगड समजून घेणं गरजेचं आहे.

फोनमध्ये जीपीएस असतं, मग वेगळं यंत्र कशाला?

इथेच अनेकांची गल्लत होते. फोनमधलं किंवा घड्याळातलं जीपीएस फक्त ऐकतं, बोलत नाही. उपग्रहांकडून येणारे सिग्नल पकडून फोन स्वतःची जागा मोजतो. त्यामुळे रेंज नसतानाही नकाशावरचा निळा ठिपका बरोबर दिसतो. पण ‘मी इथे आहे’ हे दुसऱ्याला कळवायला फोनला टॉवर किंवा वायफाय लागतंच.

सॅटेलाइट मेसेंजर जीपीएसवरून जागा मोजतो आणि ती माहिती स्वतःच्या ट्रान्समीटरने उपग्रहाकडे पाठवतो. त्यावरून छोटे लिखित संदेश पाठवता येतात, बहुतेक यंत्रांवर उत्तरही येतं. ठरावीक वेळाने तुमची जागा आपोआप घरच्यांना कळवता येते. आणि एक झाकलेलं बटण असतं, एसओएसचं.

उपग्रहांपर्यंत संदेश जातो कसा?

गार्मिनची ‘इनरीच’ मालिका आणि ‘झोलिओ’ ही यंत्रं इरिडियम कंपनीचं जाळं वापरतात. इरिडियमचे ६६ उपग्रह जमिनीपासून सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षांमध्ये फिरतात. एक फेरी साधारण १०० मिनिटांत पूर्ण होते. एक उपग्रह क्षितिजाआड गेला की दुसरा वर आलेला असतो. हे उपग्रह एकमेकांशीही बोलतात. तुमचा संदेश एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे असा उड्या मारत दूरच्या देशातल्या जमिनीवरच्या केंद्रात उतरतो. म्हणून हे जाळं समुद्रातही चालतं आणि ध्रुवांवरही.

‘स्पॉट’ यंत्रं ग्लोबलस्टारचं जाळं वापरतात. यातले उपग्रह सुमारे १,४०० किलोमीटर उंचीवर आहेत. ते आरशासारखं काम करतात, म्हणजे खालून आलेला सिग्नल थेट जमिनीवरच्या केंद्राकडे परतवतात. त्यामुळे उपग्रहाला एकाच वेळी तुम्ही आणि ते केंद्र, दोघं ‘दिसावे’ लागता. जवळपास केंद्र नसलेल्या भागात सेवा मिळत नाही.

तिसरा प्रकार भूस्थिर उपग्रहांचा. इन्मारसॅट आणि थुराया यांचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतात आणि आकाशात एकाच जागी दिसतात. उत्तर गोलार्धात ते दक्षिणेकडे असतात. दक्षिणेला उंच कडा असेल तर संपर्क अडतो.

तिन्हींना एकच अट लागू आहे : डोक्यावर उघडं आकाश हवं. भंडारदऱ्याजवळच्या सांदण दरीत उतरलेल्यांना हे लगेच कळेल. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती आणि वर आकाशाची अरुंद पट्टी. अशा जागी उपग्रह नेमका त्या पट्टीतून जाईपर्यंत संदेश अडकून राहतो. मोकळ्या माथ्यावर जो संदेश मिनिटभरात जाईल, त्याला दाट झाडीत किंवा घळीत दहा-वीस मिनिटंही लागू शकतात. यंत्र बिघडलं असं समजून लोक ते बंद-चालू करत राहतात आणि त्यात बॅटरी संपते.

एसओएस दाबल्यावर नेमकं काय होतं?

बटण दाबलं की हेलिकॉप्टर निघालं, असं होत नाही. गार्मिनच्या यंत्रावरचा संदेश आधी अमेरिकेतल्या चोवीस तास चालणाऱ्या प्रतिसाद केंद्रात जातो. तिथला कर्मचारी तुमचे अक्षांश-रेखांश पाहतो आणि काय झालंय, किती जण आहेत, असे प्रश्न विचारतो. नोंदणी करताना दिलेल्या आपत्कालीन नंबरवर फोन करून खातरजमा करतो. मग त्या भागातल्या पोलिसांना किंवा बचाव पथकाला कळवतो. प्रत्यक्ष माणसं निघतात ती तिथून. हवामान खराब असेल, अंधार असेल, तर त्यांना पोहोचायला अनेक तास लागतात. कधी दुसरा दिवसही उजाडतो.

म्हणजे यंत्र साखळीतली मधली कडी आहे. अलीकडे तुमची अचूक माहिती असलेला माणूस हवा आणि पलीकडे निघायला तयार असलेलं पथक हवं. या दोन कड्या कच्च्या असतील तर महागातलं यंत्रही फार काही करू शकत नाही.

मेसेंजर, पीएलबी की नवा फोन?

जिथे अशा यंत्रांना कायद्याने मुभा आहे, तिथे साधारण तीन पर्याय असतात.

पहिला, सॅटेलाइट मेसेंजर. इनरीच मिनी २ चं वजन १०० ग्रॅम, झोलिओचं १५० ग्रॅम. मिनी २ बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ४०० डॉलर होती. वर महिन्याचं शुल्क वेगळं. संदेशाला उत्तर येतं, हा मोठा फायदा. पाय मुरगळलाय की मोडलाय हे बचाव पथकाला आधीच सांगता येतं. मदत निघाली आहे हे कळल्यावर अडकलेल्यांनाही धीर येतो.

दुसरा, पीएलबी, म्हणजे वैयक्तिक आपत्कालीन बीकन. हे ४०६ मेगाहर्ट्झवर कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेला सिग्नल पाठवतं. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी शीतयुद्धाच्या काळात मिळून ही यंत्रणा उभारली. तिच्या मदतीने पहिली सुटका १९८२ मध्ये झाली. भारतही तिचा सदस्य आहे आणि आपलं नियंत्रण केंद्र बेंगळुरूत इस्रोकडे आहे. पीएलबीला मासिक शुल्क नसतं, बॅटरी अनेक वर्षं टिकते आणि चालू केल्यावर किमान २४ तास सिग्नल देते. पण त्यावर गप्पा मारता येत नाहीत. ‘मी संकटात आहे आणि इथे आहे’ एवढंच ते सांगतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ते खूप वापरलं जातं.

तिसरा पर्याय, खिशातला फोन. आयफोन १४ आणि त्यानंतरच्या फोनमध्ये उपग्रहावरून एसओएस पाठवण्याची सोय आहे. ती नोव्हेंबर २०२२ मध्ये आधी अमेरिका आणि कॅनडात सुरू झाली. पुढे ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, जपान अशा देशांत पोहोचली. या यादीत भारत नाही. तुमच्या हातात तोच फोन असला तरी कळसूबाईच्या माथ्यावर ही सोय चालणार नाही. शिवाय जो फोन दिवसभर फोटो आणि नकाशासाठी वापरला, त्याचीच बॅटरी संध्याकाळी संकटाच्या वेळी १० टक्क्यांवर असते. म्हणून एका दिवसाच्या फेरीसाठी फोन ठीक, अनेक दिवसांच्या ट्रेकला वेगळं यंत्र बरं.

घेताना काय तपासायचं?

जाळं : जिथे जाणार तिथे त्या कंपनीची सेवा आहे का, हे आधी नकाशावर पाहा. सेवा असणं आणि त्या देशात परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इरिडियमचा सिग्नल भारतातही पोहोचतो, तरी इथे तो वापरता येत नाही.

दुतर्फा की एकतर्फी : काही स्वस्त यंत्रं फक्त संदेश पाठवतात. तो पोहोचला की नाही, कोण येतंय, काहीच कळत नाही.

फोनशिवाय एसओएस : काही यंत्रांवर टायपिंग फोनच्या ॲपमधूनच करावं लागतं. फोन दरीत पडला तरी एसओएसचं बटण स्वतंत्रपणे चालतं का, हे पाहा.

बॅटरी : कंपनीचे आकडे मोकळ्या आकाशाखालचे असतात. दाट झाडीत सिग्नल शोधताना यंत्र जास्त बॅटरी खातं. कडाक्याच्या थंडीतही लिथियम बॅटरीची क्षमता घटते.

शुल्क : वर्षातून एकच ट्रेक करत असाल तर महिन्यापुरती योजना घेऊन नंतर थांबवता येते का, हे विचारा. शुल्क भरलं नसेल तर मेसेंजरचं एसओएसही चालत नाही, हे अनेकांना माहीत नसतं.

विमा : प्रतिसाद केंद्राने कळवणं वेगळं आणि हेलिकॉप्टरचं बिल वेगळं. नेपाळमध्ये किंवा युरोपात हेलिकॉप्टरने सुटका झाली तर खर्च लाखांत जाऊ शकतो. तुमच्या प्रवास विम्यात ट्रेकची उंची आणि हेलिकॉप्टर बचाव समाविष्ट आहे का, ते वाचा.

भारतात बंदी का?

इंडियन टेलिग्राफ ॲक्ट १८८५ आणि इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्ट १९३३ या दोन जुन्या कायद्यांच्या आधारे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर बाळगणाऱ्यांवर कारवाई होत आली आहे. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. रेडिओ उपकरण बाळगायला सरकारी परवानगी हवी, ही अट त्यातही आहे. यंत्र बंद होतं, बॅगेत तळाशी होतं, वापरणार नव्हतो, हे सांगून सुटका होत नाही. नुसतं जवळ असणंही पुरेसं ठरतं.

कारण सुरक्षेचं आहे. २६/११ च्या मुंबई हल्ल्यातल्या दहशतवाद्यांनी सॅटेलाइट फोन वापरला होता. त्यानंतर या यंत्रांकडे अधिक कडक नजरेने पाहिलं जाऊ लागलं. तांत्रिक बाजू अशी की, उपग्रहसेवेचा भारतातला सगळा संपर्क देशातल्याच जमिनीवरच्या केंद्रातून जावा, म्हणजे गरज पडल्यास तपास यंत्रणांना तो पाहता येईल, असा सरकारचा आग्रह आहे. इन्मारसॅटसाठी बीएसएनएलचं असं केंद्र गाझियाबादला आहे. इरिडियमच्या मेसेंजरवरचा संदेश मात्र उपग्रहांवरूनच उड्या मारत देशाबाहेर उतरतो. जे ट्रेकरच्या सोयीचं, तेच इथल्या यंत्रणांच्या काळजीचं.

कायदेशीर वाट आहे का? बीएसएनएलमार्फत इन्मारसॅटचा सॅटेलाइट फोन मिळतो. पण त्यालाही परवानगीची प्रक्रिया आहे. मोठ्या मोहिमेने काही महिने आधी अर्ज करणं समजू शकतं, शनिवार-रविवारच्या ट्रेकसाठी ते व्यवहार्य नाही. स्टारलिंकला २०२५ मध्ये भारतात उपग्रहसेवेचा परवाना मिळाला, याचा अर्थ खिशातल्या मेसेंजरला मोकळीक मिळाली असा होत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये बीएसएनएल आणि व्हायासॅट यांनी थेट फोनवर उपग्रहसेवा देण्याचं पाऊल टाकलं आहे. ती सर्वसामान्य ट्रेकरच्या हातात कायदेशीरपणे येईल तेव्हाच हे चित्र बदलेल.

घड्याळ घेणाऱ्यांनीही सावध राहावं. साधी जीपीएस घड्याळं भारतात उघडपणे विकली जातात. पण आता काही घड्याळांत इनरीचची सोय आतच दिलेली असते. परदेशातून मागवताना खोक्यावर ‘इनरीच’ किंवा ‘सॅटेलाइट मेसेजिंग’ लिहिलंय का, ते बघा.

अमेरिकेतून नेपाळला जाताना मुंबईत थांबणार असाल तर?

हा प्रश्न परदेशातल्या मराठी ट्रेकर्सनी स्वतःला विचारायलाच हवा. एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेला एखादा जण आधी चार दिवस पुण्यात आईवडिलांकडे येतो आणि यंत्र सॅकमध्येच असतं. काठमांडूच्या विमानासाठी मुंबई किंवा दिल्लीच्या सुरक्षा तपासणीत ते एक्स-रेमध्ये दिसतं. गोवा आणि दिल्लीतल्या दोन्ही प्रकरणांत यंत्र विमानतळावरच सापडलं होतं. उपाय साधा आहे. प्रवास भारतातून असेल तर यंत्र सोबत आणू नका. नेपाळसह प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. तिथल्या ट्रेक आयोजकाकडे आधी लेखी चौकशी करा.

मग सह्याद्रीत आणि हिमालयात काय करायचं?

मधली कडी हातात नाही म्हटल्यावर उरलेल्या दोन कड्या घट्ट करायच्या.

निघण्याआधी घरच्या एका माणसाला लेखी कळवा : कुठला गड, कुठली वाट, सोबत कोण, गाडी कुठे लावली आणि किती वाजेपर्यंत फोन न आल्यास कुणाला कळवायचं. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ‘रविवारी येतो’ एवढं सांगून गेलेल्या माणसाचा शोध सोमवारी दुपारी सुरू होतो. ‘रविवारी सात वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना आणि बचाव पथकाला कळव’ असं सांगितलेल्याचा शोध रविवारी रात्रीच सुरू होऊ शकतो. पायथ्याच्या गावात ज्याच्या घरी चहा-जेवण करता, त्यालाही वाट आणि वेळ सांगून ठेवा. अडकलेल्या माणसापर्यंत बऱ्याचदा सगळ्यात आधी गावकरीच पोहोचतात.

अडचण आली तर ११२ लावा. तुमच्या सिमला रेंज नसेल पण दुसऱ्या कंपनीची असेल, तर आपत्कालीन कॉल त्या नेटवर्कवरून जाऊ शकतो. कॉल लागत नसेल तर एसएमएस करून पाहा. अशक्त सिग्नलवरही तो निघून जाण्याची शक्यता जास्त असते. पाठवताना ‘कोकणकड्याजवळ आहोत’ एवढंच लिहू नका. नकाशाच्या ॲपमध्ये निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात, ते पाठवा. दशांश चिन्हापुढचे आकडे गाळू नका. दोनच आकडे दिले तर शोधाचा पट्टा साधारण एक किलोमीटरचा होतो. चार दिले तर दहा-बारा मीटरचा. घळीत आणि कड्यावर हा फरक फार मोठा आहे.

महाराष्ट्रात गिर्यारोहकांचं स्वतःचं बचाव समन्वय केंद्र आहे, ‘महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर’. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री दोर घेऊन निघतात. त्यांचे हेल्पलाइन नंबर घरून निघतानाच फोनमध्ये आणि कागदावर लिहून ठेवा. डोंगरात गेल्यावर गुगल करायला रेंज नसेल.

गट मोठा असेल तर वॉकी-टॉकीचा पर्याय आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातल्या कमी क्षमतेच्या सेटना भारतात परवान्यातून सूट आहे. ऑनलाइन मिळणारा प्रत्येक सेट या पट्ट्यातला नसतो, ते तपासून घ्या. हिमालयात व्यावसायिक आयोजकाबरोबर जात असाल तर पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. वरच्या कॅम्पवरून खाली संपर्क कसा करता? रेंजची सगळ्यात जवळची जागा किती तासांवर आहे? हवामान बिघडलं तर परत फिरायचं हे कोण ठरवतं? यावर गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरा आयोजक शोधा.

आणि शिट्टी. मिनिटाला सहा वेळा वाजवा, मिनिटभर थांबा, पुन्हा सहा. रात्री टॉर्चनेही तसंच करता येतं. हा डोंगरातला आंतरराष्ट्रीय संकटसंकेत आहे. त्याला उत्तर मिनिटाला तीनदा येतं. चार्जिंग लागत नाही, परवानाही लागत नाही.

परदेशात यंत्र वापरताना काय लक्षात ठेवाल?

यंत्र घरीच चालू करून नोंदणी पूर्ण करा आणि घरच्यांना एक चाचणी संदेश पाठवा. आपत्कालीन नंबर म्हणून अशा माणसाचा द्या, जो रात्री तीन वाजता परदेशी नंबरवरून आलेला फोन उचलेल आणि ज्याला तुमचा मार्ग माहीत असेल. अमेरिकेत ट्रेक करताना पुण्यातल्या आईचा एकच नंबर देऊन ठेवू नका, तिथल्या एखाद्या मित्राचाही द्या.

चालताना यंत्र सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर, अँटेना वर करून अडकवा. सॅकच्या तळाशी पाण्याच्या बाटलीखाली ठेवलेलं यंत्र उपग्रहाला दिसत नाही. आणि पडून बेशुद्ध झालात तर सोबत्यालाही ते सापडत नाही. बटण कुठलं, किती वेळ दाबायचं, हे गटातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. थंडीत रात्री ते स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा.

एसओएस दाबलं की यंत्र बंद करू नका आणि शक्य असेल तर जागा सोडू नका. पहिल्याच संदेशात चार गोष्टी लिहा : काय झालं, किती जण, जखमी शुद्धीवर आहे का आणि चालू शकतो का. चुकून दाबलं गेलं तर घाबरून बंद करू नका, यंत्रावरूनच ते रद्द करा. नाहीतर तुम्ही तंबूत झोपलेले असाल आणि बचाव पथक रात्रभर शोधत फिरेल.

घरच्यांनाही एक गोष्ट समजावून ठेवा. नकाशावरचा ठिपका दोन तास हलला नाही, याचा अर्थ लगेच वाईट काही झालं असा नाही. झाडी, घळ, संपलेली बॅटरी, कारणं अनेक असतात. किती तासांनी काळजी करायची आणि मग कुठे फोन करायचा, हे निघण्याआधीच ठरवा. तो कागद फ्रिजवर लावून मगच सॅक उचला. सह्याद्रीत जाताना तर तो लावाच, कारण तिथे तुमच्या खिशात हे यंत्र नसणार आहे.